मकरपुऱ्यात शेड घेण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नोकरी सोडून बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर धातू कातायचं, जॉबवर्क (दुसऱ्यांचे भाग मजुरीवर करून देणं) सुरू करायचं म्हणतोस. सेकंडहॅन्ड मशिनही बघून ठेवलं आहेस. आणि अगदी शेवटी लिहितोस, 'पण यातून मला नेमकं काय हवंय तेच कळत नाही.' मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण मशिन, कर्ज आणि शेड या तिन्ही गोष्टी तिच्या उत्तरावर ठरणार आहेत.

'माझं ध्येय काय' हे घरात बसून सुचत नाही. त्यापेक्षा असं विचार: कुणाची कोणती अडचण मी माझी म्हणून अंगावर घ्यायला तयार आहे? बडोद्याभोवती अडचणींना तोटा नाही. कोयलीची रिफायनरी आहे, नंदेसरीचे केमिकलचे कारखाने आहेत, ट्रान्सफॉर्मर, पंप, व्हॉल्व्ह बनवणारे आहेत. या सगळ्यांना टर्निंग लागतं, पण प्रत्येकाला वेगळं. एकाला एकाच मापाचे पाच हजार बुश हवे असतात आणि तो दर पैशा-पैशात मोजतो. दुसऱ्याला व्हॉल्व्हचे तीस-चाळीस स्टेम लागतात, दर वेळी ड्रॉइंग वेगळं. तिसरा रात्री नऊला फोन करतो, की पंपाची स्लीव्ह गेली, प्लांट थांबलाय, सकाळपर्यंत एक करून द्या. ही तीन गिऱ्हाइकं म्हणजे तीन वेगळे धंदे आहेत, आणि तू पत्रात तिघांनाही 'जॉबवर्क' म्हटलं आहेस.

आता तुझेच आकडे घेतो. कर्ज १५ लाख, ११ टक्क्यांनी, ५ वर्षांत फेडायचं: हप्ता सुमारे ३२,६०० रुपये. शेडचं भाडं १८,०००, ऑपरेटरचा पगार २०,०००, वीज १०,०००. इथे तू थांबलास. यात मशिनच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ७,००० घाल, हिशेबनीस आणि किरकोळ खर्चाचे ५,००० घाल, आणि घरी द्यायचे ३०,००० घाल. घरखर्च धंद्याच्या हिशेबात धरला नाहीस तर आपण फुकट राबतोय हे वर्षभर लक्षातच येत नाही. बेरीज झाली १,२२,६००. इन्सर्टचा (धातू कापणाऱ्या, झिजल्यावर बदलायच्या टोकांचा) खर्च अजून वेगळाच, तो त्या त्या कामावर टाकायचा.

तास तू २०० धरलेस, रोज ८ प्रमाणे २५ दिवस. त्यातून सेटिंगचा वेळ काढ, मटेरियलची वाट बघण्यात गेलेला दिवस काढ, पहिला नग पास होईपर्यंत उभं राहिलेलं मशिन काढ, ऑपरेटरची दांडी काढ. पहिल्या वर्षी बिल करता येतील असे १२० तास मिळाले तरी बरे. म्हणजे एक तास तुला १,०२० रुपयांना पडतो. कोटेशन तू ४५०नं द्यायला निघाला होतास. दुसरी पाळी काढलीस, त्यापायी खर्च ३०,००० नं वाढला आणि तास दुप्पट झाले असं धरलं, तरी तो सुमारे ६३५ला पडतो. पाच हजार बुशचं काम ज्याच्याकडे चार मशिनं आहेत, कर्ज फिटलंय आणि शेड स्वतःची आहे, त्यालाच परवडतं. त्याच्याशी दराची स्पर्धा एका मशिनवर करता येत नाही. नवीन माणूस बुडतो तो बहुधा इथेच: काम भरपूर, मशिन दिवसरात्र चालू, आणि महिनाअखेर हातात काही नाही.

तू पत्रात दोन वेळा लिहिलं आहेस, की बंद पडलेली वस्तू चालू करून देण्यात तुला जी मजा येते ती रोजच्या प्रॉडक्शनमध्ये येत नाही. माझ्या मते तुझं उत्तर तिथेच आहे. ते खरं असेल, तर तुझं गिऱ्हाईक तिसरं, आणि त्याच्यासाठी पहिलं मशिन सीएनसी लागतच नाही. एक चांगला ऑल-गिअर लेथ (हातानं चालवायचा), एक पिलर ड्रिल, कापायला बँडसॉ. मिलिंग आणि ग्राइंडिंग शेजारच्या शेडमधून करून घ्यायचं. एक-दोन नगांच्या कामाला लेथ सीएनसीइतकाच उपयोगी पडतो, आणि कर्ज खूपच लहान होतं. हेतू पक्का झाला की मशिन बदलतं आणि मशिन बदललं की धोक्याचा आकडा बदलतो, म्हणून मी सुरुवात तिथून केली.

या कामात दर कमी-जास्त झाला तरी गिऱ्हाईक फारसं बोलत नाही, कारण थांबलेला प्लांट त्याला त्याहून कितीतरी महाग पडतो. पण चूक तो सहन करत नाही. दोन चुका तर धंदाच घालवतात.

पहिली मटेरियलची. एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ आणि एसएस ३१६ चे रॉड शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच दिसतात, लोहचुंबकानंही फरक कळत नाही. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून क्लोराइड असलेल्या द्रवात ते जास्त टिकतं. ३०४ ची स्लीव्ह तिथे बसवलीस तर लवकरच बारीक बारीक खड्डे पडू शकतात आणि ती गळू लागते. त्यामुळे रॉड घेताना मिल टेस्ट सर्टिफिकेट माग, त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या ज्या ओतणीतून रॉड आला तिचा नंबर) रॉडवर पंच केलेल्या नंबरशी जुळतो का ते बघ, आणि रॉड कापताना नंबराचं टोक शेवटपर्यंत राखून ठेव. उरलेल्या तुकड्यांवर त्याच क्षणी रंगाची खूण कर. 'नंतर करू' म्हणून कोपऱ्यात टाकलेला तुकडाच सहा महिन्यांनी चुकीच्या प्लांटमध्ये जातो.

दुसरी मापाची. समज, ३५ मिलिमीटरच्या शाफ्टवर बेअरिंगची सीट के-६ ला करायची आहे. म्हणजे माप ३५.००२ ते ३५.०१८ मध्ये यायला हवं. हातात फक्त १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शेवटचा कट घेतला, शाफ्ट अजून हाताला गरम लागतोय, मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम. तू मापलास, ३५.००८ आलं, समाधानानं उतरवलास. स्टील दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ३५ मिलिमीटरला २० अंशांत ८ मायक्रॉन. गार झाल्यावर तोच शाफ्ट ३५.००० भरतो आणि बेअरिंग हवं तितकं घट्ट बसत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ही चूक सहज होते. म्हणून फिनिश कटाआधी शाफ्ट निवू दे, मायक्रोमीटर आणि नग एकाच टेबलावर थोडा वेळ शेजारी ठेव, मगच माप. रात्री अकराला गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना ही वीस मिनिटं थांबणं हीच खरी कारागिरी आहे असं मला वाटतं.

एवढं होऊनही सीएनसी घ्यायचं ठरलं, तर जुनं मशिन दलालाच्या शब्दावर घेऊ नकोस. सकाळी मशिन गार असताना दहा नग काढ, मग सर्वांत जास्त आरपीएमवर स्पिंडल अर्धा तास फिरव, आवाज ऐक, आणि पुन्हा तोच प्रोग्रॅम लावून दहा नग काढ. दोन्ही ढिगांची मापं वहीत लिही. फरक किती पडतो ते एका नजरेत कळेल. डायल लावून स्पिंडलचा रनआउट (फिरताना किती डुलतो) आणि दोन्ही अक्षांचा बॅकलॅश (दिशा बदलताना किती ढिला पडतो) बघ, टरेटचं (हत्यारं धरणाऱ्या फिरत्या चक्राचं) प्रत्येक स्टेशन फिरवून बघ. पॅरामीटरचा (मशिनच्या आत भरलेल्या सेटिंगच्या आकड्यांचा) बॅकअप पेनड्राइव्हवर आणि कागदावर दोन्हीकडे घे, कारण कंट्रोलची बॅटरी उतरली की पॅरामीटर उडतात आणि मशिन आठवडाभर उभं राहतं.

शेड बघताना मंजूर वीजभार किती आहे आणि जुन्या भाडेकरूची वीज कंपनीकडे थकबाकी नाही ना, एवढं आधी विचार. दुसरं, पाणी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुरानं शहराचं काय केलं ते तू पाहिलं आहेस. शेजाऱ्याला विचार की तेव्हा भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढलं होतं, आणि मशिनचा पॅनेल त्या रेषेच्या वर येईल असा ओटा बांध. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही विमा पॉलिसी आहे, तिच्यात पूर येतो. पहिल्या दिवसापासून घे.

पैशाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चांगले कारागीर नफा असूनही इथेच अडकतात. महिन्याला दोन लाखांचं बिल आणि ६० दिवसांची उधारी, म्हणजे कायम चार लाख बाहेर. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर आणखी ७२,०००. गिऱ्हाइकानं पैसे दिले असोत वा नसोत, दरमहा रिटर्न भरत असशील तर कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचाच असतो. मटेरियलवर भरलेला वजा होतो इतकंच. तेव्हा मशिनच्या किमतीखेरीज तीन महिन्यांचा पूर्ण खर्च खेळता हवा, आणि घरखर्चाचे बारा महिने वेगळ्या खात्यात, ज्याला धंद्यासाठी हात लावायचा नाही.

उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद) फुकट होते, आधारवर. ती पहिल्याच आठवड्यात कर आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छाप. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे, या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करून मिळतो. म्हणून मार्च जवळ आला की त्यांचा अकाउंट्स विभाग स्वतःहून उद्यम नंबर विचारतो. भांडायला जाऊ नकोस, नंबर छापलेला असू दे आणि थकलेल्या बिलांची यादी दर सोमवारी नम्रपणे पाठव. आपल्याकडचे गुजराती व्यापारी संध्याकाळी रोजमेळ लिहिल्याशिवाय दुकान बंद करत नाहीत, ती सवय मात्र जशीच्या तशी उचल.

गिऱ्हाइकानं मटेरियल दिलं असेल तेव्हा कोटेशनमध्ये रिजेक्शन कुणाच्या अंगावर ते लिही. समज तुझी मजुरी नगाला १२० आणि त्याचं मटेरियल ४८० चं. एक नग बिघडला आणि डेबिट नोट (मटेरियलचे पैसे तुझ्याकडून कापून घेणारी चिठ्ठी) आली, तर चार नगांची मजुरी गेली.

नोकरी लगेच सोडू नकोस. पुढचे तीन महिने रविवारी आणि संध्याकाळी कुणाचा तरी लेथ तासावर घेऊन कामं कर. आधी नेमणूकपत्र वाच, बाहेरची कामं करायला मनाई असेल तर साहेबांना सांगूनच कर. आणि सध्याच्या कंपनीचं एकही ड्रॉइंग किंवा गिऱ्हाईक त्यात येता कामा नये. या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि तसंही ते बरोबर नाही.

आईबाबा म्हणतात, 'आपल्यात कुणी धंदा केलेला नाही.' बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या बहुतेक मराठी घरांत हेच ऐकू येईल; संस्थानातली नोकरी, मग बँक, मग युनिव्हर्सिटी. पण सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन (तंत्रशिक्षणाची शाळा) काढलं ते हातात कसब असलेली माणसं तयार व्हावीत म्हणूनच, आणि १९०७ मध्ये अलेम्बिक ही बडोद्याची औषधकंपनी उभी करणाऱ्या तिघांत गज्जर आणि अमीन यांच्याबरोबर आपले कोटिभास्कर होते. हे त्यांना सांग. त्याहून जास्त उपयोग मात्र आकड्यांचा होईल. आईबाबांना भीती आहे ती घर जाण्याची. तेव्हा घर तारण ठेवायचं नाही हे आधीच कबूल कर. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना विनातारण कर्जासाठी सीजीटीएमएसई या सरकारी हमी-निधीची हमी मिळू शकते, त्याबद्दल बँकेत लेखी विचार.

आणि एका कागदावर तळ लिही. १५ लाखांच्या कर्जाचे १८ हप्ते गेल्यावर मुद्दल सुमारे ११ लाख ३३ हजार उरतं. त्या दिवशी मशिन १२ लाखांना गेलं तर कर्ज फिटतं, आणि गेले ते तुझे घातलेले पैसे आणि दीड वर्ष. ९ लाखांनाच गेलं तर सव्वादोन लाखांहून जास्त पदरचे भरावे लागतील. लेथसाठी हीच वजाबाकी पुन्हा कर. जो आकडा येईल तो नोकरी परत धरून तीन वर्षांत फेडता येईल का? येत असेल तर धोका तुझ्या आवाक्यातला आहे. कोणत्या तारखेला काय झालं नसेल तर थांबायचं, तेही त्याच कागदावर लिही आणि बाबांची सही घे.

खंडेनवमीला स्वतःच्या मशिनची पूजा व्हावी ही तुझी इच्छा मला समजते, पण त्या तारखेसाठी शेडचा करार घाईनं करू नकोस. त्याआधी नंदेसरी आणि मकरपुऱ्यातल्या वीस कारखान्यांच्या मेंटेनन्स विभागात जा. विक्रीला जायचं नाही, फक्त विचारायचं: गेल्या सहा महिन्यांत कोणता भाग तीनदा बदलावा लागला, आणि तो मिळायला किती दिवस लागले? उत्तरं वहीत लिहून पुढच्या पत्राबरोबर त्या पानांचे फोटो पाठव.