‘अपोलो ११’ माहितीपटातली दृश्ये खरोखरच १९६९ सालची आहेत का?

माणूस चंद्रावर पहिल्यांदा उतरला त्या मोहिमेवरच्या, टॉड डग्लस मिलर यांच्या २०१९ सालच्या ‘अपोलो ११’ या माहितीपटातली दृश्ये पन्नास वर्षांपूर्वीची वाटत नाहीत, तेव्हा काही भाग नव्याने चित्रित केला किंवा संगणकावर बनवला आहे का, असे आपण विचारले आहे. तसे नाही. माणसे, अग्निबाण, चंद्राची जमीन, असे जे जे कॅमेऱ्याने टिपलेले दिसते ते सारे जुने, खरे चित्रीकरण आहे. नवे आहे ते एवढेच: यानाचा मार्ग समजावणाऱ्या साध्या रेषाकृती, पडद्यावरची अक्षरे व आकडे, आणि मॅट मॉर्टन यांचे संगीत. तेही त्यांनी १९६९ साली उपलब्ध असलेल्या वाद्यांवरच वाजवले आहे.

दृश्ये इतकी स्वच्छ दिसण्याचे कारण फितीच्या रुंदीत आहे. मी काही वर्षे जुनी रिळे तपासण्याचे काम केले आहे. १६ मिलिमीटरची फीत उजेडासमोर धरली, तर एकेक चौकट करंगळीच्या नखाएवढी दिसते आणि त्यातला चेहरा ओळखायला भिंग लागते. ७० मिलिमीटरची प्रिंट मात्र नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. (कॅमेऱ्यात ६५ मिलिमीटरची फीत असते, उरलेली रुंदी प्रिंटवर ध्वनिपट्ट्यांसाठी वाढवलेली असते.) उड्डाणाची तयारी, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जमलेली गर्दी आणि पॅसिफिक महासागरातून परतलेले अंतराळवीर ‘हॉर्नेट’ जहाजावर उतरतात तो प्रसंग, यांतले बरेचसे चित्रीकरण अशा रुंद फितीवर झाले होते. ती रिळे मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क येथे, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, कित्येक दशके जवळजवळ न उघडलेली पडून होती. रीळ जितके कमी वेळा यंत्रातून फिरते तितके त्यावर ओरखडे कमी पडतात, त्यामुळे ही उपेक्षाच त्यांच्या पथ्यावर पडली. याउलट, चंद्रावरून आलेल्या दूरचित्रवाणी संकेतांच्या मूळ टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाला २००९ साली काढावा लागला. हे वाचले तेव्हा मला घरातलेच काही हरवल्यासारखे वाईट वाटले होते.

सगळी दृश्ये सारखी स्वच्छ नाहीत, हेही आपल्या लक्षात आले असेल. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातली बहुतेक दृश्ये १६ मिलिमीटरवरची आणि दाणेदार आहेत, आणि शिवाय ती मुकी आहेत. माझ्या मते या माहितीपटातले सर्वांत अवघड काम इथेच झाले. कक्षातल्या निरनिराळ्या मेजांवरचे संभाषण तीस ट्रॅकच्या टेपवर वेगळे मुद्रित होत होते, आणि असे अकरा हजार तासांहून अधिक ध्वनिमुद्रण उपलब्ध होते. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधकांनी त्याचे डिजिटायझेशन केले, तर जुन्या चित्रफिती जमवण्याचे काम पाहणारे ब्रिटिश निर्माते स्टीफन स्लेटर यांनी ओठांच्या हालचाली पाहून कोणत्या क्षणी कोण काय बोलत होते हे शोधले आणि चित्राला त्याचा स्वतःचा आवाज परत दिला. म्हणूनच या माहितीपटाला नव्या मुलाखती आणि निवेदक लागले नाहीत.

उड्डाणाच्या सकाळी द्रवरूप हायड्रोजनच्या एका झडपेत गळती सापडते आणि अंतराळवीर यानाकडे निघालेले असताना तंत्रज्ञ तिचे बोल्ट आवळत असतात, हा प्रसंग अवश्य पुन्हा पाहा. इतिहासाच्या पुस्तकात ही बाब एका ओळीत संपली असती. इथे मात्र ती त्या माणसांच्या कामाच्या वेगाने आपल्यासमोर घडते.

चंद्रावर उतरतानाचे चित्रीकरण ‘ईगल’ या उतरणाऱ्या यानाच्या उजव्या खिडकीत बसवलेल्या लहान कॅमेऱ्याने केले होते. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून २१ जुलैचे पावणेदोन वाजले होते. मुंबईत दूरदर्शन यायला १९७२ उजाडले, त्यामुळे माझ्या वडिलांपर्यंत हा क्षण फक्त रेडिओच्या बातम्यांतून पोहोचला. तिघे अंतराळवीर त्याच ऑक्टोबरात मुंबईला येऊन गेले, पण सांगलीहून तिकडे जाणे वडिलांना जमले नाही. हा माहितीपट मी त्यांच्याशेजारी बसून पाहिला. संगणकाचा ‘१२०२’ हा इशारा वाजतो, यानातले अंतराळवीर ऑल्ड्रिन उंचीचे आकडे वाचत राहतात, इंधन संपत येते, आणि यान टेकल्यावर ह्यूस्टनहून यानाशी बोलणारे चार्ली ड्यूक सांगतात की इथली माणसे निळी पडायच्या बेतात होती, आता आम्ही पुन्हा श्वास घेऊ लागलो आहोत. परिणाम ठाऊक असूनही वडिलांनी तोवर खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता.