बाल्कनमध्ये आई-बाबांसोबत बारा दिवस: माझं मत

क्रोएशिया, बोस्निया, सर्बिया बारा दिवसांत बसतील का, अजून धोका आहे का, आणि १९९० च्या दशकातल्या युद्धाच्या जागा 'बघायला' जाणं बरं दिसतं का, असं तुम्ही विचारलंय. आई-बाबा सोबत आहेत, तर सर्बियाची राजधानी बेलग्रेड सरळ गाळा. बोस्नियाची राजधानी सारायेव्हो ते बेलग्रेड बसचा प्रवास जवळजवळ दिवस खातो. शिवाय सर्बियाने भारतीयांचा विनाव्हिसा प्रवेश १ जानेवारी २०२३ पासून बंद केलाय. जुने ब्लॉग वाचून तिकिटं काढू नका.

त्याच तारखेपासून क्रोएशिया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे आणि तिथे युरो चालतो. बोस्निया मात्र शेंगेनबाहेर. तिथे जाऊन क्रोएशियात परतायचं, तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा. त्या व्हिसावर बोस्नियात शिरता येईल का, हे निघण्याआधी त्यांच्या दूतावासाकडून पक्कं करा.

धोक्याचं म्हणाल तर शहरांत खिसेकापू सांभाळले की झालं. पण बोस्नियाच्या डोंगरात मळलेली वाट सोडू नका, सुरुंग अजून पूर्ण निघालेले नाहीत. कवटीची लाल पाटी दिसली की आल्या पावली मागे फिरायचं.

आता खरा मुद्दा. बहुतेक लोक क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला राहून बोस्नियातलं मोस्तार एका दिवसात उरकतात. दुपारी बसेस भरून येतात, पुलावर फोटो, आईस्क्रीम, परत. असं करू नका. किमान एक रात्र मोस्तारला राहा, तीही एखाद्या घरगुती गेस्टहाऊसमध्ये, म्हणजे पैसे त्याच गावात राहतील. १५६६ साली बांधलेला तो पूल ९ नोव्हेंबर १९९३ ला बोस्नियातल्या क्रोएट सैन्याने तोफा डागून पाडला. २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला, पुढच्या वर्षी जागतिक वारसा यादीत गेला. पूल जोडला गेला, गाव तितकंसं नाही. पश्चिमेला मुख्यतः क्रोएट, पूर्वेला बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लीम. तिथल्या जुन्या हायस्कूलमध्ये एकाच छताखाली दोन वेगळे अभ्यासक्रम चालतात. दोन तासांच्या फेरीत यातलं काही कळत नाही. तिथून सारायेव्होला रेल्वेने जा, नेरेत्वा नदीकाठचा रस्ता फार देखणा आहे.

युद्धात सारायेव्होला पडलेला वेढा १,४२५ दिवस चालला. विमानतळाखालून खणलेल्या बोगद्याचं संग्रहालय जरूर पाहा, आणि वेढ्यात लहानपण गेलेला स्थानिक गाइड मिळाला तर उत्तमच. यात वाईट दिसण्यासारखं काही नाही, ऐकून घ्यायला माणूस आला तर तिथल्या लोकांना बरंच वाटतं. पूर्व बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साला जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून जास्त बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. तिथवरचा प्रवास आई-बाबांना झेपणार नसेल, तर सारायेव्होतली त्यावरची गॅलरी बघा. प्रत्यक्ष गेलात तर कबरींपाशी सेल्फी नको, एवढं सांगायला नको.

एक लक्षात ठेवा, इथे प्रत्येकजण आपल्या जखमेपासून गोष्ट सुरू करतो. दुब्रोव्हनिकच्या वेशीवर १९९१-९२ मध्ये तोफगोळे कुठे पडले त्याचा नकाशा लावलाय. बेलग्रेडचा माणूस १९९९ च्या नाटो बॉम्बहल्ल्याबद्दल बोलेल. आपण न्यायाधीश व्हायला जाऊ नये. पण म्हणून 'सगळे सारखेच' असंही म्हणू नये. स्रेब्रेनित्साला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नरसंहार ठरवलंय, त्यावर गप्पांच्या ओघात वाद घालू नका.

आई-बाबा शाकाहारी असतील तर: बोस्नियात बुरेक (पातळ पिठाच्या पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ) म्हणजे मांसाचाच. चीजची सिरनित्सा, पालकाची झेल्यानित्सा किंवा बटाट्याची क्रोम्पिरूशा मागा, बेकरीत ताजी मिळते. कॉफी लहान तांब्याच्या भांड्यात येते, गाळ खाली बसू द्या.

रोख थोडी ठेवा. बोस्नियाचं चलन मार्क युरोला बांधलेला आहे, एका युरोला साधारण १.९६. देशाबाहेर तो सहसा कोणी बदलून देत नाही, त्यामुळे उरलेल्या नोटा सीमेआधीच खर्चून टाका.