आधी भिंत बघून या

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आमचीच गोष्ट कुणीतरी लिहिली आहे असं वाटलं. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत तुमच्या चर्चच्या तरुण संघातल्या १८ मुलांनी संकल्पाचे कागद लिहून वेदीपुढं ठेवले. आता मार्चमध्ये विचारलं तर निम्म्यांना आपण काय लिहिलं तेच आठवेना. पाळकसाहेब म्हणतात, हल्लीच्या मुलांत तळमळ राहिली नाही. आणि तुम्ही विचारताय, यांना ध्येय ठरवायची आणि तडीस न्यायची गोडी लावायची कशी, बक्षिसं ठेवावीत का.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २२ वर्षं तरुण संघ सांभाळला. आता काम दुसऱ्यांकडे दिलंय, मी मागच्या बाकावर असतो.

तळमळ नाही हे मला पटत नाही. ते कागद मी पुष्कळ पाहिलेत. ‘रोज बायबल वाचीन, आईबाबांचं ऐकीन, मोबाईल कमी वापरीन, प्रार्थनेत वाढेन.’ १८ कागदांवर हीच चार वाक्यं फिरून फिरून. ही मुलांची ध्येयं नव्हेत, आपल्याला काय ऐकायला आवडतं त्याची यादी आहे. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, समोर पाळक, शेजारी आई, आणि पाच मिनिटांत लिहा म्हटल्यावर पोरं दुसरं काय लिहिणार? त्यामुळं विसरली याचं मला नवल नाही. मुळात ते त्यांचं नव्हतंच.

मी बायबलच्या जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकाकडे फार उशिरा वळलो. तोवर भिंत बांधण्यावरचे संदेशच ऐकले होते, त्याआधीची दोन प्रकरणं सगळेच भरभर उरकतात. यरुशलेमेची भिंत पडली आहे हे कळल्यावर पर्शियाच्या राजाच्या चाकरीत असलेला नहेम्या रडला, उपास केला, प्रार्थना केली, आणि राजापुढं शब्द काढायला त्याला चार महिने लागले. यरुशलेमेत पोचल्यावरही तीन दिवस गप्प. मग रात्री, थोडी माणसं आणि एकच जनावर घेऊन भिंत बघायला निघाला, मनात काय आहे ते कुणालाही न सांगता. एका ठिकाणी ढिगाऱ्यामुळं जनावराला पुढं जायला वाट नव्हती. हे सगळं झाल्यावर तो लोकांना म्हणाला, चला बांधू. आपण नेमकं उलट करतो. आधी ‘चला बांधू’, आणि ढिगारा कुठं आहे ते फेब्रुवारीत कळतं.

म्हणून पहिला महिना कुणाला काहीही लिहायला लावू नका. एकेकाशी बोला. उपासना झाल्यावर सतरंज्या गोळा करताना, दुचाकीवरून घरी सोडताना, कुठंही चालेल. समोरासमोर खुर्च्या टाकून नको. आणि ‘तुझं ध्येय काय?’ असं चुकूनही विचारू नका, लगेच पाठ केलेलं उत्तर येतं. मी विचारायचो, ‘सध्या कशाचा वैताग येतो?’

एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. वाचनाची पाळी आली की त्याला हमखास ताप यायचा. आम्ही सगळे त्याला कामचुकार समजत होतो. एकदा भांडी विसळताना हाच प्रश्न टाकला, तर बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘काका, मला मोठ्यानं वाचता येत नाही. जोडाक्षर आलं की घसा सुकतो.’ बारावी झालेला मुलगा. त्यानं ३१ डिसेंबरला काय लिहिलं होतं माहितीये? ‘प्रभूच्या सेवेत वाढेन.’

त्याचं ध्येय आम्ही मिळून ठरवलं: ख्रिसमसच्या उपासनेत लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा, येशूच्या जन्माचा अध्याय वाचायचा. ३ नोव्हेंबरला सुरुवात केली. नहेम्याची भिंत ५२ दिवसांत पुरी झाली होती, आणि ३ नोव्हेंबरपासून मोजलं तर ५२ वा दिवस येतो २४ डिसेंबरला. लूकचे अध्याय २४. दोन दिवसांना एक धरला तरी ४८ दिवसांत होतात, चार दिवस आजारपणाला आणि पाहुण्यारावळ्यांना शिल्लक. तो रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून आईला वाचून दाखवायचा. आई भाकरी थापता थापता ऐकायची, अडला तरी सुधारायची नाही, एवढं मी तिला सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या अध्यायातलं ‘क्विरीनिय सूरिया प्रांताचा सुभेदार असताना’ हे त्याचं खरं युद्ध. कागदाच्या चिठोऱ्यावर ‘क्वि-री-नि-य’ असं तोडून लिहून त्यानं ते खिशात ठेवलं होतं. ५३ व्या दिवशी तो उभा राहिला. क्विरीनियवर थांबला, श्वास घेतला, नीट म्हणाला. पुढं ‘गव्हाणीत’ला मात्र अडखळला, कारण त्याची भीती त्याला नव्हती! मंडळीत कुणाला काहीच कळलं नाही, वाचन झालं एवढंच. त्याच्या आईला आणि मला कळलं.

वर्षाऐवजी ५२ दिवस धरा, हे माझं एवढ्या वर्षांतलं एकच ठाम सांगणं. वर्षभराचं ध्येय वीस वर्षांच्या मुलालाही पेलत नाही. ‘वर्षात पूर्ण बायबल’चंच बघा. अध्याय आहेत १,१८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात बसतात, हिशेब अगदी चोख आहे. पण याच वेगानं उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं संपून जानेवारीच्या अखेरीस यज्ञांच्या नियमांचं लेवीय सुरू होतं, आणि यज्ञपशूंच्या चरबीपाशी आमची अख्खी फौज दरसाल धारातीर्थी पडायची. चार दिवस राहिले की बारा अध्याय थकतात, मग लाज वाटते, मग पुस्तकच उघडलं जात नाही. कर्जासारखंच असतं ते.

तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना तर ५२ दिवसही फार होतात. त्यांना डोळ्यांना दिसणारं काहीतरी द्या. आमच्याकडे सुगीच्या सणाला लिलाव होतो. तिघा पोरांनी चर्चच्या मागच्या वाफ्यात मेथी लावली, ती पंचवीस-तीस दिवसांत काढायला येते. एकानं पाणी द्यायचं विसरून अर्धा वाफा वाळवला. उरलेली जुडी लिलावात ३०० रुपयांना गेली आणि ती घेणारा माणूस स्वतः मेथीचा व्यापारी होता. त्या पोरांना जे कळायचं ते कळलं, मला काही बोलावं लागलं नाही.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. सुरुवातीच्या एका वर्षी मी भिंतीवर मोठा तक्ता लावला. नावं खाली, आठवडे वर, ध्येय पाळलं की सोनेरी चांदणी. चार मुलींच्या ओळी चमकू लागल्या. एका मुलाची ओळ कोरी. मी दर रविवारी सगळ्यांदेखत ‘काय रे, तुझं आभाळ अजून ढगाळच?’ म्हणायचो आणि सगळे हसायचे, तोही हसायचा. पाचव्या आठवड्यापासून तो यायचा थांबला. नंतर कळलं, वडिलांचं काम सुटलं होतं आणि तो रात्री हायवेवरच्या धाब्यावर टेबलं पुसत होता. रविवारी सकाळी येत होता हेच खरं तर मोठं होतं. मी घरी गेलो, माफी मागितली. तो बोलला नीट, चहाही पाजला, पण संघात परत आला नाही. तक्ता मी त्याच दिवशी उतरवला.

तेव्हापासून ध्येय दोघांनाच माहीत असतं: ज्याचं आहे तो आणि त्याचा जोडीदार. जोडीदार त्याच वयाचा असावा, पाळकांचा मुलगा शक्यतो नसावा (बिचाऱ्यावर आधीच पुष्कळ ओझं असतं), आणि आपल्या गावांत मुलाला मुलगा, मुलीला मुलगीच बरी, नसत्या चर्चा टळतात. आठवड्यातून एकदा जोडीदारानं इतकंच विचारायचं: झालं का, नाही तर कुठं अडलं? उपदेश बंद. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाचे १६०० मीटर काही केल्या सात मिनिटांच्या आत येत नव्हते. त्याचा जोडीदार सायकलवर घड्याळ घेऊन मागं असायचा. त्याच्याच लक्षात आलं की हा पहिल्या चारशे मीटरला जीव तोडून पळतो आणि मग मरतो. मोठ्यांपैकी कुणी पहाटे पाचला मैदानावर गेलंच नसतं.

आणि हो, अभ्यास, भरती, पेटी शिकणं ही ‘जगिक’ ध्येयं म्हणून बाजूला काढू नका. पाळकसाहेब हरकत घेतील, आमच्याही घेत होते. त्यांना लूक २:५२ दाखवा. येशू ज्ञानात, शरीरानं, देवाच्या आणि माणसांच्या कृपेत वाढत गेला असं तिथं आहे, नुसता प्रार्थनेत वाढला असं नाही.

मुलांना एकदा केडगावला नेऊन आणा. नगरशेजारचं नव्हे, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनचं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, त्यात आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं गेली, १९२२ मध्ये त्या वारल्या. हे मुलांनी ऐकलेलं असतं, आणि एवढं मोठं नाव ऐकून ती आणखीच खचतात. मी त्यांना छापखान्याबद्दल सांगतो. ते बायबल तिथल्याच बायकामुलींनी छापलं. ज्यांना एके काळी अक्षर ठाऊक नव्हतं त्यांच्यातल्या काहीजणी शिशाचा एकेक खिळा उचलून उलट्या ओळी जुळवत होत्या. मुली तिथं जास्त वेळ रेंगाळतात, हा माझा अनुभव.

५२ दिवस संपल्यावर ज्यांचं झालं नाही त्यांचं काय? काही नाही. चहा-वडापाव सगळ्यांना सारखाच. जोडीदारानं विचारायचं, हेच पुन्हा घ्यायचं की सोडायचं? सोडायची मुभा खरी असू द्या. एका मुलीनं तीन खेपा गिटार घेतली आणि चौथ्या खेपेला म्हणाली, मला गिटार आवडतच नाही, दादाला आवडते. मला तर ते तिचं सगळ्यात मोठं यश वाटलं, पण हे तिच्या दादाला सांगू नका.

तुम्ही स्वतःही एक ध्येय घ्या आणि तुमचा जोडीदार संघातलाच कुणीतरी असू द्या. माझं सध्या रोज तीन किलोमीटर चालण्याचं आहे आणि एक सोळा वर्षांची पोरगी सकाळी सातला ‘काका, गेलात का?’ असा मेसेज टाकते. फार निर्दय आहे.

बक्षिसांचं विचारलंत. नका ठेवू. बक्षीस ठेवलं की मुलं सोपं ध्येय घेतात, आणि पालकांची आपसांत लागते ती वेगळीच. आम्ही तक्त्याच्या वर्षी स्टीलचे डबे आणले होते, झाकणावर नाव कोरून द्यायचे म्हणून. नावं कोरायची वेळच आली नाही. सहा डबे अजून कपाटात पडून आहेत, तुमच्या चर्चच्या स्वयंपाकघराला लागत असतील तर कळवा, कोरे आहेत.