युरोपने शेती अनुदानाला पर्यावरणाच्या अटी जोडल्या आणि २०२४ मध्ये त्यातल्या बऱ्याच सोडून का दिल्या? आपल्याकडे हे मॉडेल चालेल का?

प्रश्नाखाली तुम्ही एक वाक्य टाकलंय : 'तिकडचा शेतकरी लाडावलेला आहे, अनुदान हवं पण नियम नकोत.' हे उत्तर त्या वाक्यासाठी आहे. मी नेदरलँड्समध्ये दूध-व्यावसायिकांच्या शेणखताचे आणि नायट्रोजनचे हिशेब बघतो. 'लाडावलेला' हा शब्द इथल्या गोठ्यात जाऊन उच्चारण्याची माझी छाती नाही.

आधी सरळ उत्तर. अटी सुटल्या कारण त्या चुकीच्या जागी बांधल्या होत्या. पैसा हेक्टरवर, अट कागदावर, आणि शेताशेजारच्या ओढ्यात किंवा माळावर खरंच काही फरक पडला का, हे बघणं कुणाच्याच कामात नाही. युरोपच्या शेती धोरणाच्या २०१३ च्या सुधारणेत थेट अनुदानाचा ३० टक्के हिस्सा 'ग्रीनिंग'ला बांधला होता. ३० हेक्टरच्या वर जमीन असेल तर तीन पिकं घ्या, १५ हेक्टरच्या वर असेल तर ५ टक्के जमीन निसर्गासाठी दाखवा, वगैरे. त्या ५ टक्क्यांत मुख्य पीक काढल्यावर पेरलेली मोहरीसुद्धा धरली जायची, जी लोक आधीपासूनच पेरत होते. युरोपच्या लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये हिशेब मांडला तेव्हा शेतीची पद्धत बदलली होती ती साधारण ५ टक्के जमिनीवर. एवढ्या पैशात एवढंच.

२०२३ पासून नवी रचना आली. थेट अनुदानाच्या किमान २५ टक्के रक्कम ऐच्छिक इको-स्कीमला, म्हणजे पर्यावरणाची कामं स्वखुशीने करणाऱ्यांसाठी, आणि बाकी अनुदान घेणाऱ्या प्रत्येकाला नऊ अटी. ओढ्याकाठी किमान ३ मीटर पट्ट्यात खत-औषध नाही, धसकटं जाळायची नाहीत, आणि सगळ्यात गाजलेली आठवी अट : ४ टक्के नांगरट जमीन पडीक, बांध किंवा झुडपं म्हणून सोडा. ही आठवी अट बहुतेक देशांत एकही वर्ष पूर्ण ताकदीने लागू झाली नाही. २०२३ मध्ये युक्रेन युद्धामुळे धान्याची टंचाई म्हणून सूट, २०२४ च्या सुरुवातीला आंदोलनं म्हणून सूट, आणि मे २०२४ मध्ये ती सक्ती काढूनच टाकली. त्याच फटक्यात १० हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्यांना तपासणी आणि दंडातून वगळलं. अनुदान घेणाऱ्यांपैकी हे साधारण ६५ टक्के, पण जमीन १० टक्क्यांच्या आसपास. हा बदल मला योग्य वाटतो, पर्यावरणवाले काहीही म्हणोत. कीटकनाशकांचा वापर निम्म्यावर आणायचा कायदा तर युरोपीय संसदेनेच नोव्हेंबर २०२३ मध्ये फेटाळला आणि पुढच्या फेब्रुवारीत युरोपीय कमिशनच्या अध्यक्ष फॉन डेअर लायेन यांनी तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं.

हे सगळं बातम्यांत आलंय. शेतकरी का भडकला ते मात्र ब्रुसेल्सकडे बघून कळत नाही. त्यासाठी नेदरलँड्सचं नायट्रोजन प्रकरण बघावं लागतं.

१९८४ पासून असलेला दुधाचा कोटा १ एप्रिल २०१५ ला उठला. किती दूध काढायचं यावर बंधन नाही. आणि १ जुलै २०१५ ला डच सरकारची नायट्रोजन योजना सुरू झाली, तिला इथे 'पास' म्हणतात. गायी वाढवा म्हणणारा बाजार आणि अमोनियाचं आम्ही बघतो म्हणणारं सरकार, दोघे एकाच उन्हाळ्यात दारात. लोकांनी कर्जं काढून गोठे बांधले. तुम्ही काय केलं असतं?

योजनेचं तर्कशास्त्र असं. गोमूत्रातला युरिया आणि शेणातलं एन्झाइम एकत्र आलं की अमोनिया सुटतो. साध्या मुक्त गोठ्यात एका गायीमागे वर्षाला १३ किलो अमोनिया धरतात. १२० गायी म्हणजे १५६० किलो. तो वाऱ्याबरोबर जातो आणि संरक्षित माळरानावर, दलदलीवर उतरतो. कुठे किती उतरतो हे सरकारी सॉफ्टवेअर काढतं, एक हेक्टरच्या षटकोनी तुकड्यांत. तुमच्या गोठ्यामुळे एखाद्या तुकड्यावर वर्षाला ०.०५ मोलच्या आत नायट्रोजन पडत असेल तर काहीच करायचं नाही, ०.०५ ते १ मोल असेल तर फक्त नोंद करायची, त्याच्या वर गेलं तर परवाना. १ मोल नायट्रोजन म्हणजे १४ ग्रॅम. चहाच्या तीन-चार चमचे साखरेएवढं, एका हेक्टरवर, अख्ख्या वर्षात. आणि एवढी मोकळीक द्यायची कशाच्या जोरावर? तर पुढे खाद्य सुधारेल, गोठ्यांच्या फरश्या सुधारतील, माळरानं दुरुस्त होतील, त्यातून घटणारा नायट्रोजन आजच हिशेबात धरून. न पिकलेल्या उसावर उचल घ्यावी तसं.

युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये सांगितलं की ज्या उपायांचा फायदा आज खात्रीने सिद्ध नाही त्यांच्या भरवशावर परवाना देता येणार नाही. २९ मे २०१९ ला डच राज्यपरिषदेने, म्हणजे इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, योजना मोडीत काढली. निकाल बरोबर होता. संरक्षित निसर्गासाठीच्या १९९२ च्या युरोपीय अधिवास निर्देशात हे स्वच्छ लिहिलेलं आहे, सरकारच्या वकिलांना ते आधीही वाचता येत होतं. पण मार कुणाला बसला? ज्या अडीच हजारांच्या आसपास लोकांनी सरकार म्हणालं तशी नोंद केली, पोचपावती घेतली, ते एका सकाळी विनापरवाना धंदा करणारे ठरले. त्यांना कायदेशीर करू असं आश्वासन मिळालं, आणि बहुतेकांचं घोंगडं पुढे वर्षानुवर्षं भिजत पडलं. बँक नवं कर्ज देत नाही, मुलाच्या नावावर गोठा करता येत नाही, आणि कुणीही अर्ज करून कारवाईची मागणी करू शकतो. १ ऑक्टोबर २०१९ ला हेगमध्ये ट्रॅक्टर गेले ते या पार्श्वभूमीवर.

नायट्रोजनचा त्रास मात्र खरा आहे, 'सगळं मॉडेलमधलं' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. उंचवट्याच्या दलदलीला वर्षाला हेक्टरी ५०० मोल, म्हणजे ७ किलोच्या वर नायट्रोजन सोसत नाही, आणि इथे कित्येक ठिकाणी त्याच्या दुप्पट-तिप्पट पडतो. हेदरची झुडपं जाऊन गवत माजतं, माती आम्ल होते, कॅल्शियम वाहून जातं. इथल्या फेलुवे भागातल्या जंगलात गोगलगायी कमी झाल्या, त्यांच्या शंखातून कॅल्शियम मिळवणाऱ्या ग्रेट टिट पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, पिल्लांचे पाय घरट्यातच मोडलेले सापडले.

मग उपाय म्हणून आल्या 'कमी उत्सर्जनाच्या फरश्या'. मूत्र उतारावरून लगेच खाली जावं, शेण वर राहावं, खालच्या टाकीतली हवा वर येऊ नये म्हणून फटींना रबरी झडपा, आणि शेण ओढणारं यंत्र. कल्पना बरोबर आहे. पण यंत्र दिवसात पुरेशा फेऱ्या मारत नसेल, खाचांत शेण वाळून बसलं असेल, झडपा झिजल्या असतील, तर अमोनिया जुन्या गोठ्याएवढाच सुटतो. सरकारी तक्त्यात मात्र गायीमागचा आकडा तोच राहतो. मोजणी झाली तेव्हा कागदावरची घट गोठ्यात दिसेना, आणि न्यायालयांनी अशा फरश्यांवर दिलेले परवानेही अडवले. म्हणजे ज्याने पैसे घालून पर्यावरणाचं काम केलं तोच पुन्हा अडकला. त्यापेक्षा खाद्यातली प्रथिनं थोडी कमी करणं आणि गायी जास्त तास चरायला सोडणं स्वस्त पडतं. चरताना शेण एकीकडे पडतं, मूत्र दुसरीकडे मुरतं, दोन्हींची गाठच पडत नाही. पण त्याची पावती नसते, म्हणून कुठल्याच योजनेला ते सुरुवातीला आवडत नाही.

दुसरं उदाहरण शेणखताच्या मर्यादेचं, कारण यात उलटा परिणाम लख्ख दिसतो. पाणी जपण्यासाठीच्या १९९१ च्या युरोपीय नायट्रेट निर्देशानुसार जनावरांच्या खतातून हेक्टरी १७० किलोच नायट्रोजन टाकता येतो. डच गवताळ शेतीला जास्तीत जास्त २५० किलोपर्यंत सवलत होती, अट ही की किमान ८० टक्के जमीन गवताखाली हवी. २०२२ मध्ये ठरलं की २०२६ पर्यंत सवलत टप्प्याटप्प्याने बंद. आता हिशेब करा. पातळ शेणखतात घनमीटरला साधारण ४ किलो नायट्रोजन. ८० किलो कमी टाकायचा म्हणजे हेक्टरी २० घनमीटर खत शेताबाहेर. ५० हेक्टरला १००० घनमीटर. ते उचलून न्यायला घनमीटरमागे २५ युरो धरले तरी वर्षाला २५ हजार युरो. आणि गवताला नायट्रोजन तर लागतोच, मग राहिलेली भूक शेतकरी रासायनिक खताने भागवतो, कारण १७० ची मर्यादा फक्त शेणखताला आहे. शिवाय सवलत गेली की ८० टक्के गवताचं बंधनही गेलं, म्हणून काही जण गवत मोडून मका लावतात. मक्याखालून पाण्यात नायट्रेट गवतापेक्षा जास्त झिरपतं. पाणी स्वच्छ करायला निघालेला नियम या टोकाला येऊन पोचला. खतावर प्रक्रिया करून मिळणारा नायट्रोजन रासायनिक खताच्या जागी वापरू देण्याचा प्रस्ताव कमिशनने २०२४ मध्ये आणला, तो आधीच यायला हवा होता.

'उपग्रहावरून सगळं दिसतं, तसं आपल्याकडे आणा' असं सुचवणारे मला दर महिन्याला भेटतात. पुण्यातले जास्त. सेंटिनेल उपग्रहाचा एक ठिपका १० मीटरचा असतो. ओढ्याकाठचा ३ मीटरचा पट्टा त्यात मावतो आणि हरवतो. गवत कधी कापलं, शेत उघडं आहे की झाकलेलं, हे छान कळतं. पट्ट्यात फवारलं का, बांधावर काय उगवलंय, हे कळत नाही. म्हणून शेतकऱ्याला मोबाइलवरून ठिकाणासकट फोटो पाठवायला लावतात, आणि रेंज नसलेल्या कोपऱ्यात तो उभा राहून शिव्या घालतो.

चाललेलं एक उदाहरण सांगतो. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात बरेन नावाचा चुनखडीचा उघडा डोंगराळ भाग आहे. तिथली दुर्मीळ फुलं टिकतात ती हिवाळ्यात गुरं वर चरल्यामुळे, कारण ती जुनं गवत आणि झुडपं रोखतात. लोक गुरं गोठ्यात मुरघासावर ठेवायला लागले तसं हेझल नावाच्या झुडपाचं रान माजलं. २००५ पासून तिथे वेगळा प्रयोग सुरू झाला आणि २०१० पासून गुणांवर पैसे मिळू लागले : प्रत्येक तुकड्याला दर उन्हाळ्यात १० पैकी गुण. चराई नेमकी आहे का, चाऱ्याच्या जागी चिखल-शेण साचलंय का, पाण्याच्या उगमाला धक्का लागलाय का, झुडपं किती. जास्त गुण, जास्त पैसे. कसं करायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं. पाण्याची टाकी, झुडपं काढणं, असल्या कामांना वेगळा निधी. शेतकरी गुण वाढवायला एकमेकांचं बघून शिकले, तीनशेहून जास्त जण सामील झाले.

आता महाराष्ट्र. युरोपसारखी अनुदान कापायची पद्धत आपल्याकडे हास्यास्पद ठरेल. तिथे नजरचुकीने अट मोडली तर साधारण ३ टक्के कापतात. पीएम-किसानच्या ६००० रुपयांचे ३ टक्के म्हणजे १८० रुपये, कृषी सहायकाचं पेट्रोलसुद्धा निघणार नाही. आपल्याकडे खरा पैसा युरियाच्या गोणीत आणि पंपाच्या विजेत आहे, तिथे हात घालायची कुणाची तयारी नाही. दुसरीकडे निकालावर पैसे ही गोष्ट नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्याला शिकवायची गरज नाही. २०१० मध्ये सीसीसी या वाढनियंत्रक औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला म्हणून युरोपात माल अडकला, बागेगणिक नोंदणी आणि नमुन्याची तपासणीही लोकांनी अंगवळणी पाडली, कारण पास झालेल्या पेटीला भाव मिळतो. पाणी किंवा मातीसाठी काही करायचं तर सुरुवात अशीच, एखाद्या पाणलोटात, शेतकऱ्याच्या डोळ्याला दिसेल अशा एका खुणेवर.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. २०२४ ची आंदोलनं निव्वळ पर्यावरणाच्या अटींवर नव्हती. जर्मनीत डिझेलची सवलत काढणं, पोलंडमध्ये युक्रेनचं धान्य, फ्रान्समध्ये दक्षिण अमेरिकेच्या मांसाची धास्ती, हे सगळं होतं. नेदरलँड्सएवढी जनावरांची गर्दी युरोपात इतरत्र क्वचितच, त्यामुळे रोमानियाच्या दोन हेक्टरवाल्याला यातलं निम्मं लागू नाही. गुण देण्याची पद्धत फुलं-गवताला जमते, अमोनियाला नाही, कारण तो डोळ्याला दिसत नाही; त्याला मोजमाप आणि कडक मर्यादाच लागते, आणि काही ठिकाणी गायी कमी करण्यावाचून इलाज नाही, हे मी माझ्या ग्राहकांनाही सांगतो. आणि बरेनची पद्धत २०२३ पासून आयर्लंडने देशभरच्या योजनेत घेतली तेव्हा गुण देणारे प्रशिक्षित लोक आणि पैसे काढणारी संगणक व्यवस्था दोन्ही तोकडी पडली, हजारो शेतकऱ्यांचे हप्ते महिनोन् महिने रखडले. तुम्ही प्रस्ताव-बिस्ताव लिहिणार असाल तर पहिल्याच पानावर लिहा की गुण कोण देणार आणि पैसे कोणत्या तारखेला पडणार.