रिपीटर आणि बेस स्टेशनचं प्रोग्रामिंग नुसत्या सॉफ्टवेअरवर घरबसल्या शिकता येतं का? केबल कोणती घ्यावी?

शिकता येतं, चार संध्याकाळी पुरतात. पण ‘नुसत्या सॉफ्टवेअरवर’ हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण ह्याच दोन शब्दांपायी मी पन्हाळ्यावर दोन रात्री कुडकुडलोय.

कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याचा वायरलेस मी बघायचो. शेतकी ऑफिसात बेस, जीपगाड्यांत मोबाईल सेट, आणि रिपीटर, म्हणजे एकाचा सिग्नल ऐकून तोच परत लांबवर फेकणारा सेट, वर पन्हाळ्याला. गाळपाच्या तोंडावर नवी फ्रिक्वेन्सी मिळाली, जुनीपासून दीडेक मेगाहर्ट्झ लांब. पुरवठादाराकडचे साहेब लॅपटॉप घेऊन आले. मी म्हटलं, “साहेब, आधी रीड मारून फाईल सेव्ह करूया. आणि डुप्लेक्सर ट्यून करायला लागंल.” (रीड म्हणजे सेटमधली सेटिंग लॅपटॉपवर वाचून घेणं, राईट म्हणजे नवी सेटमध्ये घालणं. डुप्लेक्सर म्हणजे एकाच अँटेनावर रिपीटरचं बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर.) साहेब म्हणाले, “ते सगळं आता सॉफ्टवेअरमध्ये होतं.” आणि थेट राईट मारलं.

स्क्रीनवर सगळं यशस्वी. शेजारी उभं राहून हँडसेटवर बोललं तर आवाज खणखणीत. साहेब झुणका-भाकरी खायला गेले. आणि खालनं, लांबच्या जीपवाल्यानं पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबला की रिपीटर उठायचा, पडायचा, परत उठायचा. टक्-टक्-टक्, मधे अर्धा शब्द. “ट्रॉ... फड... कवा...”

डुप्लेक्सर बघितलेल्या माणसाला एवढ्यावरच कळतं. त्या नळकांड्यांतले रॉड जुन्याच फ्रिक्वेन्सीवर बसलेले होते. ते हातानं फिरवावे लागतात, लॅपटॉपचं ते ऐकत नाहीत. मग रिपीटर बोलायला लागला की स्वतःच्याच आवाजानं त्याचे कान बसतात, लांबचा सिग्नल हरवतो, तो गप्प होतो, गप्प झाला की परत ऐकू येतं. वॉटमीटर लावला तर २५ पैकी ६ वॉट अँटेनाकडं जात होते.

साहेबांचं निदान काय? “तुमची केबल खराब आहे.”

जुन्यावर परत जावं तर फाईल नाही. जुना परवाना महिनाअखेरपर्यंत चालू होता म्हणून बरं. कॅबिनेटच्या दाराला आतनं मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: टीएक्स (पाठवायची फ्रिक्वेन्सी), आरएक्स (ऐकायची), रिपीटर उघडणारा टोन १२७.३ हर्ट्झ, टाइमआउट ६० सेकंद. वर्षाआधी ते लिहिताना हेच साहेब हसले होते. त्यावरनं सेट उभा केला. पुढं अॅनालायझर मागवून डुप्लेक्सर ट्यून झाला, त्याच त्या कुडकुडायच्या दोन रात्री.

तर लॅपटॉप आणि सेट जोडणारी केबल. आत एफटीडीआय कंपनीची यूएसबी चिप असलेली घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच केबलींत प्रोलिफिक ह्या दुसऱ्या कंपनीची नकली चिप असते, विंडोजचा नवा ड्रायव्हर ती ओळखून ‘कोड १०’ दाखवतो आणि माणूस रेडिओला शिव्या घालत बसतो. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, सेट असेल तर चर्प हे प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. कमर्शियल सेटला त्या कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं, तेही सेटच्या आतल्या सॉफ्टवेअरला, म्हणजे फर्मवेअरला, जुळणाऱ्या आवृत्तीचं. काहीही असो, आधी रीड, मग सेव्ह, मग त्या फाईलची कॉपी करून तिच्यात बदल. दुसऱ्या सेटची फाईल उचलून ह्यात ढकलायची नाही.

हां, हे आधी सांगायला पाहिजे होतं: परवान्याशिवाय हवेत बोलायचं नाही. हॅमसाठी एएसओसीची, म्हणजे हौशी रेडिओ चालवायच्या सरकारी प्रमाणपत्राची, परीक्षा द्या. आणि टेबलावर शिकताना अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे पॉवर जिरवणारा रेझिस्टर, लावा, नाहीतर रिकाम्या तोंडानं पीटीटी दाबून फायनल, म्हणजे शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर, उडवाल.

माझी ती केबल अजून चालू आहे. कालच एक सेट रीड केला तिच्यावर.