कुंथल्याने बाळाला काही होईल का?

तू लिहितेस, "नववा आठवडा चालू आहे. पाच दिवस पोट साफ नाही. संडासात बसले की जोर करायची भीती वाटते, मग तशीच उठून येते." डॉक्टरांना सांगायची लाज वाटते, आणि सासूबाई एरंडेल घे म्हणतात.

आधी तुझी भीती. कुंथल्याने गर्भ पडत नाही, बाई. तो गर्भाशयात आहे, आतड्यात नाही, आणि गर्भाशयाची भिंत चांगली जाड असते. उलट तू भिऊन उठून येतेस तेव्हा आतला मळ आणखी सुकतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त टोचतो. कळ आली की लगेच जा. पायाखाली छोटं स्टूल घे, गुडघे कमरेच्या वर येऊ देत. घाई करू नकोस.

हे होतं ते प्रोजेस्टेरॉन नावाच्या, गरोदरपणात वाढणाऱ्या हार्मोनमुळे. गर्भाशय आवळू नये म्हणून ते स्नायू सैल ठेवतं, त्यात आतडीही सुस्तावतात. अन्न आत रेंगाळतं, मोठं आतडं त्यातलं पाणी ओढून घेतं. मळमळीने तुझं पाणी पिणं कमी झालं असणारच. एकदम पेलाभर जात नसेल तर घोट घोट पी, दिवसभर.

एरंडेल मात्र नको. त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. सासूबाई काळजीनेच सांगत असतील, त्यांना म्हण, डॉक्टरांना विचारून घेते. गरोदरपणात चालणारी औषधं आहेत, इसबगोल, लॅक्ट्युलोज. किती घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. लोहाची गोळी चालू असेल तर तिनेही मळ घट्ट होतो. परस्पर बंद करू नकोस, बदलून मागता येते. फॉलिक ॲसिड निदान बारावा आठवडा पुरा होईपर्यंत घेतच राहा, त्याचा यात दोष नाही.

पोटात, विशेषतः एका बाजूला, जोरात दुखलं, खांद्याच्या टोकाला कळ आली, चक्कर आली, अंगावरून रक्त गेलं, ताप आला किंवा पाणीसुद्धा पोटात ठरेना, तर वाट बघू नकोस, लगेच दवाखाना गाठ. रक्त कुठून आलं ते कळलं नाही तरी दाखव.

पाच दिवस झालेत, म्हणून उद्याच जा. तपासणीच्या खोलीत शब्द सुचले नाहीत तर हे वाक्य कागदावर लिहून ने आणि पुढे सरकव: "पाच दिवस संडासला झालेली नाही, आणि मला भीती वाटतेय."