ईव्ह म्युरहेडचं गोल्ड म्हणजे लक होतं का?

प्रश्न : ताई, बीजिंग ऑलिंपिकमधल्या कर्लिंगच्या (बर्फावरून दगड सरकवत वर्तुळाच्या मध्याजवळ थांबवायचा खेळ) मॅचेस आत्ता व्हिडिओवर बघितल्या आणि स्कॉटलंडच्या ईव्ह म्युरहेडची फॅनच झाले. पण माझा भाऊ म्हणतो, 9 पैकी 4 मॅच हरून पण गोल्ड, हे निव्वळ लक. खरंच तसं आहे का? आणि गोल्ड मिळाल्यावर तिने लगेच खेळ का सोडला?

उत्तर : भाऊ आकडे बरोबर सांगतोय गं, पण त्यातून त्याने काढलंय ते मला अजिबात पटत नाही. ब्रिटन (म्हणजे ईव्हची टीम), जपान आणि कॅनडा तिघी साखळी फेरीत 5-4 वर, म्हणजे 5 जिंकून 4 हरून अडकल्या होत्या, आणि तिघींनी एकमेकींना एकेकदा हरवलेलं, त्यामुळे तिथेही निकाल लागेना. अशा वेळी बघतात ते मॅच सुरू व्हायच्या आधीचे दगड. प्रत्येक मॅचआधी प्रत्येक टीमच्या दोघी एकेक दगड वर्तुळाच्या अगदी मधोमध थांबवायचा प्रयत्न करतात, तो मध्यापासून किती सेंटीमीटरवर थांबला ते मोजतात आणि शेवटी त्याची सरासरी काढतात. त्या सरासरीवर कॅनडा बाहेर गेली, बाकी दोघी सेमीफायनलला. जवळजवळ 20 किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सोडायचा आणि रोज पाहिजे तिथेच थांबवायचा, ह्याला लक कसं म्हणायचं, तूच सांग.

आणि तिचं आधीचं करिअर बघ ना. वडील गॉर्डन म्युरहेड 1999 चे वर्ल्ड चॅम्पियन, म्हणजे खेळ घरातच. ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिप तिने 4 वेळा जिंकली, 2010 ला व्हँकुव्हर ऑलिंपिकला गेली तेव्हा 19 वर्षांची होती, 2013 ला सीनियर वर्ल्ड टायटल, 2014 ला सोचीत ब्राँझ. सगळं कसं छान चाललेलं. मग 2018, प्याँगचांग. जपानविरुद्ध ब्राँझची मॅच, शेवटचा दगड हिच्या हातात, बरोबर बसला असता तर मेडल, आणि तो हुकला. स्किप म्हणजे कॅप्टन, डावपेच तिचे आणि ईव्हच्या टीममध्ये शेवटचे दोन दगडही तीच टाकणार, त्यामुळे हुकलं की सगळं जग तिच्याकडेच बघणार. त्यानंतर हिपचं ऑपरेशन झालं. 2021 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये टीम आठवी आली आणि ऑलिंपिकचं थेट तिकीट गेलं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते यानंतरचं. टीम मोडून 9 जणींचा स्क्वाड केला आणि एवढं सगळं जिंकलेल्या ईव्हला पण जागेसाठी बाकीच्यांबरोबर झगडावं लागलं. तिने ते केलं. नव्या टीमबरोबर नोव्हेंबर 2021 ला युरोपियन टायटल आणलं, डिसेंबरमध्ये नेदरलँड्सला क्वालिफायर जिंकून बीजिंग गाठलं. टीममधली व्हिकी राइट तर नर्स, कोविडच्या काळात हॉस्पिटलमध्ये ड्युटी केलेली.

भावाला फायनल दाखवू नकोस, ती 10-3 अशी एकतर्फी झाली, तो परत लकच म्हणेल. (समोर जपानची कॅप्टन सात्सुकी फुजिसावाच होती, 2018 ला जिने ब्राँझ नेलं तीच, हे मात्र त्याला सांग.) त्याला सेमीफायनल दाखव. समोर स्वीडन, म्हणजे 2018 चं गोल्ड ज्यांचं त्या, आणि पहिल्याच एंडला (मॅचमधला एकेक डाव म्हणजे एंड) 0-4. कर्लिंगमध्ये सुरुवातीलाच 4 पॉइंट दिले की भल्याभल्या टीम खचतात. ह्या खचल्या नाहीत, 10 एंड संपले तेव्हा 11-11, मग एक्स्ट्रा एंड आणि 12-11. फायनलपेक्षा ही मॅच मोठी असं माझं ठाम मत आहे.

आता खेळ सोडण्याचं. ऑगस्ट 2022 ला ती रिटायर झाली, वय 32. कमी वाटतं, पण 4 ऑलिंपिक झाली होती, हिपचं दुखणं सोसलं होतं, आणि ऑलिंपिक गोल्ड तेवढं राहिलं होतं ते पण आलं. ब्रिटनच्या बायकांना कर्लिंगचं गोल्ड त्याआधी 2002 ला मिळालेलं, रोना मार्टिनच्या टीमला, म्हणजे मध्ये 20 वर्षं गेली. आणि ईव्ह खेळापासून लांब गेलेली नाही बरं का, 2026 च्या मिलान-कोर्टिना ऑलिंपिकसाठी ब्रिटनच्या पूर्ण पथकाची प्रमुख तिलाच केलं.